डाव्या पायाचा शेजारी

मला फुटबॉलमधलं काही कळत नाही. लग्नानंतर थोडे दिवस कळून घ्यायचा प्रयत्न केला, मग सोडून दिला. आमच्या ह्यांचा जीव मात्र त्यातच होता. कोल्हापुरात तरुणपणी ते पेठेच्या संघाकडून गोलकीपर म्हणून खेळायचे. तिथे फुटबॉल म्हणजे काय असतं हे बाहेरच्या माणसाला सांगून पटत नाही. मॅचच्या दिवशी गल्लीत झेंडे लागतात, हलगी वाजते आणि हरलेल्या पेठेत त्या संध्याकाळी कुणी कुणाशी धड बोलत नाही. पुढे हे इंजिनिअर झाले, आम्ही कॅनडात आलो, ओटावाच्या कनाटा भागात घर घेतलं, टेलिफोनची यंत्रं बनवणाऱ्या कंपनीत ह्यांनी सगळी नोकरी काढली. तरी नवीन माणूस भेटला की ओळख करून देताना हे आधी "मी गोलकीपर" म्हणायचे आणि मग बाकीचं.

रिटायर झाल्यावर भारतात लांब मुक्काम करायचा, असं आमचं ठरलेलं होतं. पण त्याच्या आतच ह्यांना फुफ्फुसाचं दुखणं लागलं. फुफ्फुसं आतून हळूहळू कडक होत जातात आणि माणूस श्वासाला महाग होतो. माझी सगळी नोकरी लॅबमध्ये गेली, त्यामुळे डॉक्टरांनी नाव सांगितल्यावर मला पुढचं विचारावं लागलं नाही. ह्यांनीही विचारलं नाही. घरी येताना गाडीत एवढंच म्हणाले, की लेकीला एवढ्यात सांगू नकोस, तिच्या नवीन नोकरीचं बस्तान बसू दे. लेक इथून चार तासांवर मार्कहॅमला असते. मी तिला त्याच आठवड्यात सांगितलं.

डॉक्टरांनी रोज चालायला सांगितलं होतं. आमच्या घरामागे एक पार्क आहे आणि पार्कच्या टोकाला सॉकरचं मैदान. खांद्याला ऑक्सिजनचं छोटं मशीन लावून हे चालायचे, मी बरोबर. एप्रिल असेल, कडेला मळका बर्फ अजून होता. मैदानावर एक माणूस एकटाच चेंडू मारत होता. साठीचा, पोट थोडं सुटलेलं, केस पांढरे, अंगात जुना ट्रॅकसूट. गोलपोस्टच्या अलीकडे त्याने रिसायकलिंगचे निळे डबे एका रांगेत उभे केले होते. त्या डब्यांवरून तो चेंडू गोलमध्ये घालत होता.

हे थांबले. मला वाटलं दम लागला. मी बाकाकडे बोट दाखवलं तर मान हलवली. त्या माणसाने चेंडू खाली ठेवला, हवा भरायचं भोक आपल्याकडे येईल असा फिरवला, चार पावलं मागे गेला, थोडा वेळ नुसता उभा राहिला आणि डाव्या पायाने मारला. चेंडू आधी डब्यांच्या बाहेरच्या बाजूला गेला आणि मग कुणी दोरीने ओढावा तसा आत वळला.

"ह्यो गडी खेळलेला हाय," हे म्हणाले. एरवी हे शुद्ध बोलायचे. मनातून खूश झाले की कोल्हापूर बाहेर यायचं.

ते सरळ मैदानात गेले आणि गोलमध्ये जाऊन उभे राहिले. खांद्याला मशीन, नाकात नळी. तो माणूस घाबरला, हातानेच नको नको म्हणायला लागला. ह्यांनी त्याला खुणेने सांगितलं, की तू मार, मी अडवणार नाही, नुसता बघणार आहे. त्याने पुन्हा चेंडू लावला. तो पाऊल उचलायच्या आधीच ह्यांनी उजवा हात वर केला. चेंडू उजव्याच कोपऱ्यात गेला. पुढच्या वेळी डावा हात वर केला, तर डावीकडे गेला. मग त्या माणसाने ह्यांच्याकडे नीट पाहिलं आणि हसला. पुढे चालत येऊन त्याने हात पुढे केला. "कीपर?" त्याने विचारलं. हे "कीपर" म्हणाले. ओळख एवढ्यावर झाली.

तो आमचा शेजारीच निघाला. शेजारच्या घराचा बेसमेंट भाड्याने दिलेला होता. तिथे युक्रेनहून आलेलं कुणीतरी राहतं एवढंच मला माहीत होतं. तो आणि त्याची बायको. लढाईमुळे साठीच्या आतल्या पुरुषांना तिथे देश सोडायला बंदी आहे, त्याची साठी उलटलेली असल्यामुळे त्याला बाहेर पडता आलं. तो एका गॅरेजमध्ये टायर बदलायचं काम करायचा आणि बायको एका मोठ्या ग्रोसरीच्या दुकानात, बेकरीमध्ये. तिचं इंग्रजी बरं होतं. त्याचं अगदी मोडकं. अडलं की तो फोन पुढे करायचा, फोन भाषांतर करायचा, आणि ते पुष्कळदा चुकायचं.

त्याच्याबद्दलचं बाकी सगळं मला त्याच्या बायकोकडून कळलं. पूर्वेकडच्या एका कोळशाच्या खाणींच्या शहरातला तो. बाप खाणीत होता. हा मिडफिल्डर होता, म्हणजे मैदानाच्या मध्यात खेळणारा. फार वेगाने पळणारा नव्हता, अंगानेही दणकट नव्हता. पण पंचांनी फ्री किक दिली की, म्हणजे ठेवलेला चेंडू समोर रांगेने उभ्या खेळाडूंच्या भिंतीवरून मारायची वेळ आली की, लोक बसल्या जागेवरून उठायचे. तिथे अजून त्याच्या वयाची माणसं त्याला रस्त्यात ओळखायची. आता ते शहर राहिलेलं नाही. ती म्हणाली की स्टेडियम पडलं त्याचा फोटो कुणीतरी पाठवला होता, तो त्याने पाहिला नाही, तिने पाहिला.

त्यांना एकच मुलगा. तो तिथेच होता, सैन्यात. लढाईच्या आधी तो शाळेत भूगोल शिकवायचा. बापाचं डाव्या पायाचं कसब त्याच्यात अजिबात उतरलं नव्हतं. त्याला नदीत पोहायला आवडायचं, फुटबॉल नाही. हे सांगताना ती हसली. बापाने लहानपणी त्याला मैदानावर ओढून नेलं, तो गोलपोस्टला टेकून पुस्तक वाचत बसला, असं म्हणाली.

त्या उन्हाळ्यात आमच्या घरात पुन्हा माणसं आली, असं मी म्हणेन. दुखणं आल्यापासून येणारे लोक कमी झाले होते. आपली मंडळी फोन करत, डबे पाठवत, पण बसत नसत. ह्यांना बोलताना दम लागतो ते बघवत नाही, असं एकीने मला सांगितलंही. ह्या नवरा-बायकोला तो प्रश्न नव्हता. तसंही फार बोलता येत नव्हतंच. रविवारी ते जेवायला यायचे. पहिल्यांदा मी तांबडा रस्सा केला, ह्यांच्या हट्टाने. त्यांच्याकडच्या बिटाच्या सुपासारखं काहीतरी आहे असं समजून त्याने चांगला वाडगाभर घेतला. पहिल्या घोटाला त्याचे कान लाल झाले. पण त्याने वाडगा खाली ठेवला नाही, दही कालवून संपवला. हे इतके हसले की खोकला थांबेना आणि मला मशीनचा वेग वाढवावा लागला.

संध्याकाळी दोघं मैदानावर. मी ह्यांच्यासाठी घडीची खुर्ची घेऊन जायची, ती गोलपोस्टच्या शेजारी मांडायची. तो मारायचा, हे हात वर करून कोपरा सांगायचे. कधी हे बरोबर यायचे, कधी तो मुद्दाम फसवायचा. मग दोघं एकमेकांना आपापल्या भाषेत काहीतरी सुनवायचे. मी बाकावर विणत बसायची. खरं सांगायचं तर मला तो वेळ माझ्यासाठी हवा असायचा, आणि तरी मी एक दिवस चुकवला नाही.

एकदा त्याच्या मुलाचा निरोप आला. बरोबरच्या पोरांना त्याने सांगितलं होतं, की जुन्या व्हिडिओतला तो फ्री किक मारणारा माणूस माझा बाप आहे. कुणाचा विश्वास बसत नव्हता. तर आत्ताचा एक व्हिडिओ पाठवा. बापाला लाज वाटायला लागली. पोट सुटलंय, म्हणाला. बायकोने ओरडून त्याला स्वच्छ शर्ट घालायला लावला. फोन ह्यांनी धरला. त्याने चेंडू लावला, मारला, तो डब्यांवरून जाऊन वरच्या कोपऱ्यात बसला आणि ह्यांच्या तोंडून मोठ्याने निघालं, "वरनं गेला की रं!" ते तसंच व्हिडिओत आलं.

दोन दिवसांनी उत्तर आलं. एका तळघरासारख्या खोलीत पाच-सहा तरुण मुलं, अंगावर गणवेश, तोंडावर धूळ, आणि सगळी मिळून कॅमेऱ्याकडे बघून "वरनं!" म्हणतायत. त्यांना त्याचा अर्थ माहीत नव्हता. मधोमध चष्मा घातलेला, आईसारख्या चेहऱ्याचा एक होता. तो हसत नव्हता, नुसता बघत होता, समाधानाने. मी त्याला पाहिलं ते तेवढंच.

सप्टेंबरच्या सुरुवातीला एक दिवस मैदानावर तो आला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. तिसऱ्या दिवशी दुपारी त्याची बायको आमच्या मागच्या दाराशी आली. बेकरीचा ॲप्रन तसाच अंगावर होता. तिने आत यायला नकार दिला. पायरीवर उभं राहूनच सांगितलं, की मुलगा बेपत्ता आहे. मेला असं कुणी म्हणत नाही. पकडला गेला असंही म्हणत नाहीत. ज्या ठिकाणी होता तिथे आता कुणालाच जाता येत नाही. एवढं बोलून ती शिफ्टला निघून गेली. सुट्टी घेऊन घरी बसायची तिला भीती वाटत होती.

ह्यांनी सगळं आतून ऐकलं होतं. म्हणाले, "मला तिकडे ने."

मी म्हणाले, बेसमेंटचा जिना आहे, कसं जमेल? त्याला इकडे बोलावू. तर म्हणाले, "दुःख त्याच्या घरी झालंय. बोलावतेस काय?"

गेलो. जिना अरुंद, मधे वळण. हे पहिल्या पायरीवर बसले आणि लहान मूल उतरतं तसे बसून एकेक पायरी खाली सरकले. मी पुढे मशीन धरून. मधे बराच वेळ थांबावं लागलं. ओठ निळे झाले होते. खाली तो सोफ्यावर बसला होता, दाढी वाढलेली, टीव्ही चालू, आवाज बंद. ह्यांना जिन्यात बघून तो उठला, पण आला नाही, तिथेच उभा राहिला. हे त्याच्या शेजारी जाऊन बसले. मी त्यांच्या किचनमध्ये जाऊन चहा केला. साखर सापडेना, शोधत राहिले, कारण बाहेर जायचं मला धैर्य होत नव्हतं. ह्यांच्या मशीनचा फुस्स फुस्स आवाज तेवढा येत होता.

परत वर चढणं ह्यांना शक्य नव्हतं. ते आम्हा दोघांना माहीत होतं आणि तरी आम्ही खाली उतरलो होतो. शेवटी तो वाकला, ह्यांना पाठुंगळी घेतलं आणि हळूहळू वर चढला. तेव्हा ह्यांचं वजन फार उतरलं होतं. ड्राइव्हवेमधून तो तसाच आमच्या दारापर्यंत आला. समोरची बाई गाडीतून सामान काढत होती, ती थांबून बघायला लागली. ह्यांनी त्याच्या खांद्यावरून तिला हात केला.

त्याच महिन्यात ओटावातल्या युक्रेनी लोकांनी मदतनिधीसाठी एक मॅच ठेवली होती. त्यात मध्यंतराला तो फ्री किक मारणार असं उन्हाळ्यातच ठरलेलं होतं. नाही म्हण, असं बायकोने सांगितलं. शब्द दिलाय, म्हणाला. आम्हीही गेलो. तोपर्यंत ह्यांना व्हीलचेअर लागत होती. थंडी पडायला लागली होती, पण ऊन होतं. बरीच माणसं आली होती, भरतकाम केलेले पांढरे शर्ट घालून म्हातारी जोडपी, लहान मुलं, सॉसेज भाजल्याचा वास. मध्यंतराला त्याचं नाव पुकारलं. काही म्हातारे उभे राहिले आणि टाळ्या वाजवू लागले. ते त्याला ओळखत होते. समोर तरुण मुलांची भिंत, गोलमध्ये एक उंच गोलकीपर. सगळ्यांचे फोन वर.

त्याने चेंडू ठेवला. फिरवला. मागे गेला आणि उभा राहिला. तो नेहमीच थोडा वेळ उभा राहायचा, त्यामुळे आधी कुणाला काही वाटलं नाही. मग तो वेळ लांबला. टाळ्या थांबल्या. कुणीतरी मागून प्रोत्साहन द्यायला ओरडलं, त्यालाही कुणी साथ दिली नाही. तो चालत पुढे आला आणि चेंडूशेजारी गवतावर खाली बसला. दोन्ही हात गुडघ्यांवर, मान खाली.

त्याची बायको माझ्या शेजारी होती. ती दोन्ही हातांनी तोंड दाबून उभी. संयोजकांपैकी एक जण माइक घेऊन एक पाऊल पुढे आला आणि परत मागे गेला. हे मला म्हणाले, "चल."

गवतावर व्हीलचेअर ढकलणं फार कठीण असतं. चाकं रुतत होती. एवढ्या माणसांसमोर ते मैदान ओलांडताना मला कसंनुसं झालं, पण ह्यांना त्याचं काही नव्हतं. त्याच्याजवळ पोचल्यावर ह्यांनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला. आपल्याकडे मयताच्या घरी वडीलधारे ठेवतात तसा, जड. आणि मराठीतच म्हणाले, "बस. काय घाई न्हाई."

तो त्याच्या भाषेत काहीतरी बोलला. बराच वेळ बोलला. हे मान हलवत ऐकत होते, सगळं कळत असल्यासारखे. मी खुर्चीच्या मागे उभी होते. त्या गर्दीत ती भाषा न समजणारे आम्ही दोघंच असू, आणि तो बोलत होता ते आमच्याशी. नंतर त्याच्या बायकोने मला सांगितलं, तिला दुरून जेवढं ऐकू आलं तेवढं. तो म्हणत होता, की चेंडू लावला की मला भिंतीतली पोरं दिसतात, माझ्या मुलाच्या वयाची. हात पुढे बांधून उभी राहिलेली. मी त्यांच्या डोक्यावरून कसा मारू?

थोड्या वेळाने तो उठला. गुडघ्याला लागलेलं गवत झटकलं, माझ्या हातातून व्हीलचेअर घेतली आणि ह्यांना ढकलत कडेला आणलं. चेंडू तिथेच राहिला. भिंतीतली मुलं एकेक करून पांगली आणि उत्तरार्ध सुरू झाला. त्यानंतर कनाटाच्या मैदानावर त्याने चेंडूला पाय लावला नाही.

हिवाळा आला तो वाईट आला. ह्यांचा पलंग आम्ही खाली दिवाणखान्यात आणला. नर्स यायची, लेक शनिवार-रविवार मार्कहॅमहून गाडी चालवत यायची. तिला मी सांगायची, की रस्ते निसरडे असतात, दर आठवड्याला येऊ नकोस. ती म्हणायची, "आय हॅव विंटर टायर्स, आई. ही पुट देम ऑन हिमसेल्फ." शेजाऱ्याने बसवलेल्या टायरवर तिचा माझ्यापेक्षा जास्त विश्वास होता.

तो रोज यायचा. कामावरून सुटला की आधी आमच्या ड्राइव्हवेवरचा बर्फ फावड्याने काढायचा, मग बूट दाराशी काढून आत. हात गरम पाण्याने धुऊन चोळायचा आणि मग ह्यांच्याजवळ. त्यांना उचलून खुर्चीत बसवायचा, वॉशरूमला न्यायचा. ह्यांना माझ्या हातची दाढी कधी आवडली नाही, तर दाढीही तोच करायचा. एका हाताने नळी बाजूला धरून, दुसऱ्या हाताने वस्तरा. सावकाश, जीभ दातांत धरून. दाढी झाली की ह्यांच्या गालावर हलकी चापट मारायचा. माझ्या नवऱ्याला असं कुणी चापट मारेल आणि ते हसतील असं मला कधी वाटलं नव्हतं.

मुलाबद्दल काही कळत नव्हतं. दोघांनी डीएनए तपासणीसाठी लाळेचे नमुने दिले होते. त्याचा अर्थ काय ते चौघांनाही ठाऊक होतं आणि कुणी बोलत नव्हतं. मला मात्र काहीतरी बोलायला हवं असं वाटायचं. एक दिवस तो गेल्यावर मी ह्यांना म्हटलं, की आपण त्यांना धीर द्यायला हवा, येईल तुमचा मुलगा, असं काहीतरी म्हणायला हवं. ह्यांना तेव्हा एक वाक्य बोलायलाही दोनदा थांबावं लागायचं.

"येईल म्हणू नकोस," ते म्हणाले. श्वास घेतला. "येणार नाही असंही म्हणू नकोस." पुन्हा थांबले. "जेवायला बोलाव."

मी तेवढंच केलं. ह्यांच्या पलंगाशेजारीच टेबल ओढलं आणि आम्ही तिथे जेवू लागलो. ह्यांना घास उतरत नव्हता, पण आमची ताटं समोर असली की त्यांना बरं वाटायचं. वरण-भात त्या दोघांना आवडायला लागला होता. ती कधी बेकरीतून काळा पाव आणायची. मी त्यावर तूप लावायची, ती हसायची.

फेब्रुवारीत एका दुपारी हे गेले. बाहेर ऊन होतं, बर्फावरून येणारा उजेड छतावर पडला होता. लेक त्यांचा हात धरून होती, मी पायाशी. तो कामावर होता. फोन केल्यावर आला, कामाचे काळे झालेले हात तसेच. पलंगाजवळ गेला, पण हात लावला नाही. किचनमध्ये जाऊन आधी हात धुतले, नेहमीसारखे गरम पाण्याने, बराच वेळ, आणि मग आला. ह्यांची दाढी एक दिवसाची वाढली होती. त्याने माझ्याकडे पाहिलं. मी हो म्हटलं. लेकीला ते बघवेना, ती वरच्या खोलीत गेली. मी बसून राहिले. त्याने नेहमीसारखीच दाढी केली, तेवढीच सावकाश. शेवटी हात गालापर्यंत नेला आणि तिथेच ठेवला.

विद्युतदाहिनीच्या हॉलमध्ये आपली मंडळी बरीच आली. भटजींनी मंत्र म्हटले, लेकीने सगळं केलं. उचलायची वेळ आली तेव्हा तो कोपऱ्यात उभा होता, पुढे यावं की नाही या विचारात. लेकच त्याच्याकडे गेली आणि त्याचा हात धरून त्याला पुढे आणलं. बारावा-तेरावा आम्ही साधेपणाने केला. त्या दिवशीही ते दोघं आले आणि पंगतीत मांडी घालून बसले. त्याला मांडी घालणं जमत नव्हतं, गुडघे वर येत होते, तरी खुर्ची घेतली नाही.

मे महिन्यात त्यांच्या मुलाचं कळलं. दोन्ही सैन्यांनी एकमेकांकडचे मृतदेह परत केले होते, त्यात नमुना जुळला. मी मागच्या अंगणात होते, मेथीचे वाफे करत. ते दोघं कुंपणापाशी येऊन उभे राहिले, एकमेकांना धरून, आणि मला न सांगताच कळलं. मी मातीचे हात तसेच घेऊन गेले. तिने माझ्या खांद्यावर डोकं ठेवलं. "ही इज फाउंड," ती म्हणाली. तेच पुन्हा पुन्हा. सापडला या शब्दात तिला थोडासा आधार वाटत असावा.

मूळ गावी पुरणं शक्य नव्हतं. पश्चिमेकडच्या एका शहरात तिची बहीण राहते, तिथे पुरायचं ठरलं. एकदा गेले की परत यायचं नाही हेही त्यांचं ठरलं. मी त्यांना म्हटलं, तिथे अजून बॉम्ब पडतात. तो म्हणाला, फोन न काढता, त्याच्या मोडक्या इंग्रजीत, "सन देअर. वी देअर." विमानतळावर मीच सोडलं. सामान थोडंच होतं. आत जाताना तिने माझे दोन्ही गाल धरले. त्याने आधी हात जोडले, मग ते पुरेसं नाही असं वाटून मिठी मारली. कंबरेत वाकून, कारण मी बुटकी आहे. परत येताना मी पार्किंगमध्ये गाडीत बसून राहिले. घरी जायची घाई नव्हती. घरी कुणीही नव्हतं.

लेक म्हणते मार्कहॅमला ये. तिच्या घराजवळ कॉन्डो बघते आहे, आपली माणसं भरपूर आहेत, देऊळ जवळ आहे. मी अजून हो म्हटलेलं नाही. नाही असंही नाही. शेजारच्या बेसमेंटमध्ये आता शिकणारी मुलं राहतात, दाराशी सायकली असतात.

रविवारी तिकडून फोन येतो. तो आता एका मैदानावर शिकवायला जातो. लढाईत पाय गेलेली मुलं कुबड्यांवर फुटबॉल खेळतात, त्यांना. पहिल्यांदा तो नुसता बघायला गेला होता. दुसऱ्या वेळी एकाने त्याला ओळखलं आणि फ्री किक कशी मारायची ते विचारलं. त्या मुलाला एकच पाय होता, उजवा. ह्याला आयुष्यात उजव्या पायाने काही जमलं नव्हतं. त्याला दाखवायचं म्हणून हा पुन्हा चेंडूपाशी उभा राहिला, उजवा पाय वापरून, वाकडातिकडा मारत. मुलं हसली, म्हणाली, आजोबा, तुम्ही नुसतं तोंडाने सांगा. हे तिने मला सांगितलं. तो शेजारी बसून ऐकत होता. नंतर त्याने कॅमेऱ्यात येऊन नमस्कार केला. म्हातारा दिसला. मीही दिसले असेन.

त्याचं झालं की ती फोन घेते. कबरीवर काय लावलं ते सांगते, या वर्षी कोणती फुलं आली, कोणती जळली. मी सांगते की बर्फ अजून गेला नाही, गुडघा दुखतो, लेक बरी आहे. पलंगाच्या ज्या बाजूला मी झोपत होते तिथेच अजून झोपते, हेही एकदा तिला सांगितलं. ती म्हणाली, मुलाच्या नंबरवर ती अजून फोन लावून बघते. मग तिचं इंग्रजी संपतं. माझं संपत नाही, पण बोलण्यासारखं संपतं. आम्ही फोन लगेच ठेवत नाही. तिच्या खिडकीबाहेर कुणीतरी गालिचा झटकत असतं, माझ्या शेगडीवर काहीतरी शिजत असतं, आणि आम्ही दोघी ते ऐकत बसतो.